नवं लॉ जर्नल काढताय? वाचणार कोण?

विद्यापीठात नवं लॉ जर्नल काढायचं म्हटलं की पहिला टोमणा ठरलेला, "वाचणार कोण?"

चला, १८८७ मध्ये जाऊ. अमेरिकेत हार्वर्डला कायदा शिकणाऱ्या मुलांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' सुरू केलं. लेख निवडणारे, तपासणारे विद्यार्थीच. तिथलेच माजी विद्यार्थी, बोस्टनमधले वकील लुई ब्रँडाइस मदतीला उभे राहिले.

तीनच वर्षांनी, डिसेंबर १८९० मध्ये, याच ब्रँडाइस यांनी सॅम्युअल वॉरन या मित्रासोबत त्यात एक लेख लिहिला. विषय खासगीपणाचा हक्क. तेव्हा झटपट फोटो काढणारे कॅमेरे आले होते, वर्तमानपत्रं लोकांच्या घरात डोकावत होती. लेखाचं म्हणणं साधं होतं: माणसाला त्याच्यापुरतं राहू द्या, तो त्याचा हक्कच आहे.

आता थेट दिल्ली. २४ ऑगस्ट २०१७. पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालपत्रात या लेखाचीही चर्चा आहे. आज तुमच्या फोनमधल्या डेटासाठी सरकारशी भांडायचं, तर हाच निकाल हाताशी लागतो.

म्हणून जर्नल काढणाऱ्या दोस्तांनो, प्रकाशन समारंभ जोरात करा. पण दुसरा, पाचवा, दहावा अंकही वेळेवर काढा. प्रत्येक संदर्भ पडताळा. ओळखीच्या सरांचा लेख कच्चा असेल, तर तोही परत पाठवा. वाचक येतो. कधी कधी सव्वाशे वर्षांनी येतो!