कुटाच्या किनाऱ्यावर पाच रात्री



बाली बेटावर कुटा म्हणून एक गाव आहे. तिथल्या एका हॉटेलात आम्ही उभयतांनी २०२३ च्या मार्च महिन्यात पाच रात्री काढल्या. 'काढल्या' हाच शब्द योग्य. पैसे महिन्यामहिन्याला बाजूला टाकून जमवलेले, पासपोर्ट आयुष्यात पहिल्यांदा हातात आलेले. आणि प्रवास-कंपनीच्या रंगीत पुस्तकात काय होते? निळाभोर समुद्र, स्वच्छ वाळू आणि खोलीच्या सज्जातून दोन्हींचे दर्शन.

सज्जा होता. त्यातून शेजारच्या हॉटेलाची कौले दिसत. कठड्यावरून बरेच वाकले तर दोन माडांच्या मधून हातरुमालाएवढा समुद्रही दिसे. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, आणि त्याच्यावर मजलाच नव्हता. याला एक कारण आहे. १९६६ साली बालीच्या पूर्व किनाऱ्यावर सानूर येथे दहा मजल्यांचे एक टोलेजंग हॉटेल उघडले. जपानने युद्धाची भरपाई म्हणून दिलेल्या पैशातून ते बांधलेले. लोकांना ते काही रुचले नाही. पुढे नियमच झाला की, इमारत माडाहून उंच नको, म्हणजे पंधरा मीटरच्या आत हवी. नियम मला तरी फार शहाणपणाचा वाटतो. पण त्यामुळे होते असे की, पुढच्या रांगेतल्या खोल्यांना समुद्र दिसतो आणि मागच्यांना नुसते त्याचे नाव मिळते. भाडे मात्र नावाचेही घेतात!

हॉटेल आणि वाळू यांच्यामध्ये रस्ता आहे, आणि त्यावर स्कूटरींची अशी रीघ की, पलीकडे जायला हात धरून उभे राहावे लागे. पहिल्या सकाळी पलीकडे गेलो आणि सौ. म्हणाली, "अहो, हे काय? पूर येऊन गेलाय की काय इथं?" खरोखर तसेच होते. बांबूचे तुकडे, झाडांचे ओंडके, प्लॅस्टिकच्या बाटल्या, चपला, पिशव्या. भरतीच्या रेषेपर्यंत सगळा खच. माणसे लांब दाताळ्यांनी तो ओढून ढीग करीत होती आणि ट्रॅक्टर तो भरून नेत होता. दुपारपर्यंत वाळू स्वच्छ झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

कोकणातल्या श्रोत्यांना हे नवल वाटणार नाही. आपल्याकडेही पावसाळ्यात समुद्र घेतलेले परत करतोच. बालीचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या दिवसांत वारा पश्चिमेचा, आणि कुटाचा किनारा नेमका पश्चिमेकडे तोंड करून. बालीच्या नद्यांनी समुद्रात लोटलेला, जावाच्या बाजूने वाहत आलेला, असा सगळा कचरा इथे येऊन लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये तर सरकारने या भागातल्या सहा किलोमीटर किनाऱ्यावर कचऱ्याची आणीबाणी जाहीर केली होती. सातशे माणसे आणि पस्तीस ट्रक लावून रोज सुमारे शंभर टन कचरा उचलावा लागला, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. २०१९ पासून पातळ पिशव्या आणि प्लॅस्टिकच्या नळ्या यांना बालीत बंदी आहे. तरी ओढे-नाले वाहतातच.

म्हणजे कंपनीच्या पुस्तकातले चित्र खोटे नव्हते, ते जुलै महिन्याचे होते. आम्हांला मार्च विकला होता.

पोहणे तर दूरच. लाल बावटे रोवलेले. लाटा फळीवर उभे राहणाऱ्या तरुणांना उत्तम. आमच्या वयाला घोटाभर पाणी पुरे! जेवणात भाज्या भरपूर, पण तिखट चटणीत वाळवलेल्या कोळंबीचा गोळा कुटलेला असतो, हे कळेपर्यंत दोन जेवणे होऊन गेली होती. ते असो.

तिसऱ्या दिवशी दाराखालून एक कागद आत आला. बावीस तारखेला न्येपी. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत हॉटेलाबाहेर पाऊल टाकायचे नाही, किनाऱ्यावर जायचे नाही, रात्री पडदे ओढून दिवे मंद ठेवायचे. विमानतळही बंद! पाचांतला एक दिवस गेला, आणि भाडे पूर्ण. कंपनीने याचा एका अक्षराने उल्लेख केलेला नव्हता. मला मनस्वी राग आला.

पण न्येपी म्हणजे काय? बालीच्या हिंदूंचे नववर्ष. आणि वर्ष कोणते, तर शके १९४५. आपलेच शक! त्या वर्षी आपला पाडवाही नेमका बावीस मार्चलाच होता. शिक्षक बंधुभगिनींनी हे मुलांना जरूर सांगावे. दरवर्षी मात्र असे जुळत नाही. अधिकमासाचा हिशेब दोन्हीकडे वेगळा, म्हणून २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला आली आणि पाडवा ९ एप्रिलला.

आधीच्या दिवसांत पांढऱ्या वस्त्रांतले लोक देवांना छत्र्या धरून, वाजतगाजत समुद्रावर नेतात. आम्ही पाहिले तेव्हा त्याच दाताळेवाल्यांनी मिरवणुकीपुरती एक वाट साफ करून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी अक्राळविक्राळ राक्षसांचे पुतळे खांद्यावरून नाचवले. आणि बावीसला सारे थांबले. दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. मोबाइलचे इंटरनेटही बंद. चौकड्यांची काळी-पांढरी वस्त्रे नेसलेले गावचे राखणदार तेवढे रस्त्यावर फिरत होते.

खोलीतच गुळाचा खडा तोंडात टाकून आम्ही पाडवा केला. दुपारी कधीतरी सौ. म्हणाली, "ऐकलंत का?" चार दिवसांत प्रथमच समुद्राची गाज ऐकू येत होती. रात्री घटकाभर ढग फाटले. इतक्या चांदण्या मी लहानपणी खळ्यावर झोपायला जात असे तेव्हाच पाहिल्या होत्या. आग्नेयेला, कौलांच्या वर, त्रिशंकूचा तारकापुंज चांगला ठळक दिसत होता. हॉटेलातला एक वाढपी पोरगा अंधारात पायरीवर बसला होता. त्याला मोडक्या इंग्रजीत विचारले, "तुझ्या घरी काय चालले असेल?" तो म्हणाला, "काही नाही. आज सगळ्यांकडे काही नाही." पाहुण्यांसाठी त्याला मात्र कामावर यावे लागले होते.

परत आल्यावर मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. खोलीबद्दल, कचऱ्याबद्दल आणि न सांगितलेल्या दिवसाबद्दल. दीड महिन्याने उत्तर आले. निसर्ग आणि स्थानिक सण यांना आम्ही जबाबदार नाही, असे त्यात होते. सोबत पुढच्या वर्षीचे नवे पुस्तक. कुटाच्या पानावर चित्र तेच होते.