एकाला साडेतीन शतांश कमी

व्याख्यात्यांनी नमस्कार करण्याआधीच फळ्यावर 0.965 हा आकडा लिहिला आणि त्याभोवती ठळक गोल काढला. ‘आज मी फक्त याबद्दल बोलणार आहे,’ असं म्हणून ते श्रोत्यांकडे वळले. पत्रिकेत विषय छापला होता ‘विश्वाची सुरुवात’. पहिल्या रांगेतल्या नेहमीच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मागच्या बाजूला वह्या उघडून बसलेली कॉलेजची मुलं मात्र सावरून बसली.

सरांचं म्हणणं सुरुवातीपासून स्पष्ट होतं. विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं, दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात, 1965 साली पेन्झियास आणि विल्सन यांना सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी सापडल्याची बातमी आली, हे सगळं ‘तुम्ही शाळेत वाचलंय’ म्हणून त्यांनी चार वाक्यांत उरकलं. महास्फोटानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो आणि त्याचं तापमान 2.725 केल्विन आहे, हेही ओघात सांगून झालं. त्यांना घाई होती ती त्या तापमानातल्या फरकांकडे जायची. 1992 साली ‘कोबे’ उपग्रहाच्या निरीक्षणांतून हे फरक पहिल्यांदा दिसले. त्यांचं प्रमाण साधारण एक लाखात एक. ‘किलोमीटरभर सपाट रस्ता घ्या आणि त्यावर एक सेंटिमीटरचा उंचवटा कल्पा,’ सर म्हणाले. ‘तो उंचवटा नसता तर आपली दीर्घिका नसती, हे सभागृह नसतं आणि अध्यक्षबाईंना माझं व्याख्यान ऐकायची शिक्षाही झाली नसती.’ हशा पिकला. अध्यक्षबाईही हसल्या, पण घड्याळ पाहून.

मग हा उंचवटा आला कुठून? इथून पुढे संध्याकाळ त्या गोलाभोवतीच फिरत राहिली.

ॲलन गुथ यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात इन्फ्लेशनची कल्पना मांडली. अगदी सुरुवातीच्या क्षणी, सेकंदाच्या कल्पनेपलीकडच्या लहान अंशात, विश्व भूमितीश्रेणीने फुगलं आणि त्याची लांबी-रुंदी निदान 10 च्या 26 व्या घाताइतक्या पटींनी वाढली. त्यामुळे ते इतकं एकसारखं का दिसतं, याचं उत्तर मिळालं. पण एवढ्या ताणाने सगळं गुळगुळीत झालं असेल, तर दीर्घिकांचं बीज कुठलं? उत्तर क्वांटम भौतिकीत होतं. कुठलंही क्षेत्र पूर्ण शांत राहू शकत नाही, त्यात सतत बारीक चढउतार चालू असतात. एरवी ते उमटतात आणि विरतात. फुगणाऱ्या विश्वात मात्र ते ताणले जातात. एखाद्या लहरीची लांबी त्या वेळच्या क्षितिजापेक्षा मोठी झाली की तिच्या एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोचत नाही आणि तिची उंची आहे तिथेच गोठते. फुगणं संपल्यावर क्षितिज वाढत जातं आणि गोठलेल्या लहरी एकेक करून परत आत येतात. जिथे घनता थोडी जास्त, तिथे गुरुत्वाकर्षण पदार्थ गोळा करतं.

‘आता माझ्या आकड्याकडे या,’ सरांनी खडू उचलला. फुगवणारी ऊर्जा अजिबात कमी झाली नसती, तर लहान-मोठ्या सगळ्या लहरी सारख्याच उंचीच्या निघाल्या असत्या आणि लहरींची उंची लांबीनुसार कशी बदलते हे सांगणारा हा आकडा बरोबर 1 आला असता. हॅरिसन यांनी 1970 मध्ये आणि झेल्डोविच यांनी 1972 मध्ये साधारण हाच अंदाज केला होता. पण ऊर्जा कमी झालीच नाही, तर फुगणंही संपायचं नाही. ती हळूहळू उतरत असेल, तर आधी गोठलेल्या लांब लहरी किंचित उंच, नंतरच्या आखूड लहरी किंचित ठेंगण्या आणि आकडा एकापेक्षा थोडा कमी. मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेतले मुखानोव आणि चिबिसोव यांनी स्टारोबिन्स्की यांच्या इन्फ्लेशनच्या प्रारूपावर हे गणित 1981 मध्येच केलं होतं आणि लहरींची उंची लांबीनुसार हलकेच बदलते असं दाखवलं होतं. 2018 मध्ये ‘प्लांक’ उपग्रहाने अंतिम आकडा दिला: 0.965, कमी-जास्त 0.004. ‘लोक महास्फोटाचा पुरावा विचारतात. मी म्हणतो, फुगणं संपलं याचा पुरावा पाहा. तो या साडेतीन शतांशात आहे.’

मॉस्कोचं नाव निघालं आणि सर घसरले.

ऑक्टोबर 1981. स्टीफन हॉकिंग मॉस्कोत व्याख्यान द्यायला उभे. त्यांचं बोलणं तेव्हा जवळच्यांनाच समजे, म्हणून त्यांचा विद्यार्थी ते इंग्रजीत मोठ्याने सांगे आणि रशियन भाषांतराला ऐन वेळी उभे केले गेले तरुण आंद्रेई लिंडे. गुथ यांच्या कल्पनेतली अडचण दूर करणारी नवी सूचना लिंडे यांनी तेव्हा नुकतीच केली होती. हॉकिंग म्हणाले, अलीकडेच लिंडे यांनी एक रंजक कल्पना मांडली आहे. लिंडे यांनी खुशीत भाषांतर केलं. पुढचं वाक्य होतं, ती कल्पना चुकीची आहे. मग मॉस्कोतल्या सगळ्या नामवंतांसमोर सुमारे अर्धा तास लिंडे आपलंच काम कसं चुकलं आहे, हे रशियनमध्ये सांगत राहिले. इथे सरांनी दोन्ही भूमिका वठवल्या, विद्यार्थ्याची तिसरी धरून. शेवटी लिंडे म्हणाले, मी भाषांतर केलं, पण मला हे मान्य नाही. ते हॉकिंगना वेगळ्या खोलीत घेऊन गेले आणि वाद घालत बसले. इकडे प्रसिद्ध ब्रिटिश पाहुणा गायब, म्हणून संस्थेत धावपळ. पुढे लिंडे यांचा लेख परीक्षणासाठी आला तो हॉकिंग यांच्याकडेच, आणि त्यांनी छापावा असंच सांगितलं.

टाळ्या थांबेपर्यंत व्यासपीठावर चिठ्ठी पोचली होती. पंधरा मिनिटं उरली होती आणि प्रश्नही त्यातच घ्यायचे होते. त्यामुळे 1982 च्या उन्हाळ्यातली केंब्रिजची कार्यशाळा, जिथे हॉकिंग, स्टारोबिन्स्की, गुथ-पी आणि बार्डीन-स्टाइनहार्ट-टर्नर यांची या चढउतारांची वेगवेगळी गणितं तीन आठवडे भांडून अखेर एका उत्तरावर आली, ती एका वाक्यात आटोपली. ‘उत्तर एकच आलं, पण लिंडे यांच्या नव्या सूचनेच्या प्रारूपातले चढउतार हवे त्यापेक्षा कितीतरी मोठे निघाले. प्रारूप गेलं, पद्धत राहिली.’

पहिला प्रश्न पहिल्या रांगेतून आला, अपेक्षित तोच. ‘नारळीकर सरांना तर महास्फोटच मान्य नव्हता!’ सभागृह जरा ताठ झालं. व्याख्यात्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. ‘त्यांनी 1993 मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह पर्यायी सिद्धांत मांडला. शेवटपर्यंत तो सोडला नाही. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना तो पटला नाही, हेही खरं. पण एक गोष्ट विसरू नका. त्यांच्या आधीच्या कामातल्या स्थिर स्थितीच्या विश्वाचं प्रसरण आणि इन्फ्लेशनमधलं प्रसरण गणिताने जवळपास सारखंच असतं. अशा प्रसरणात ओबडधोबडपणा पुसला जातो, हे हॉइल आणि नारळीकर यांनी 1963 मध्येच दाखवलं होतं. गुथ तेव्हा शाळेत होते.’ पुढे 1991 मध्ये नारळीकर आणि पद्मनाभन यांनी इन्फ्लेशनचा कसून आढावा घेतला, हे वाक्य टाळ्यांतच बुडालं.

दुसरा प्रश्न मागच्या बाकावरच्या मुलीचा होता आणि तो खरा अवघड होता. ‘सर, मार्च 2025 मध्ये चिलीतल्या ॲटाकामा दुर्बिणीचे निष्कर्ष आले. प्लांक आणि इतर निरीक्षणांशी जोडल्यावर आकडा 0.974 येतो. मग तुमचा गोल पुसायचा का?’

सरांनी डस्टर उचललं आणि परत ठेवलं. ‘एक झाला का?’ त्यांनी विचारलं. ‘नाही सर.’ ‘मग गोल राहू दे.’ मुलीचं समाधान झालं नव्हतं. ती म्हणाली, पण स्टारोबिन्स्की यांच्या प्रारूपाला हा आकडा जड जातो ना? सरांनी मान्य केलं. वेगवेगळे संच जोडताना आकडा हलू शकतो, त्यांच्यातला ताण अजून सुटलेला नाही, घाईने निकाल लावू नये, असं ते म्हणाले. घाईचा दाखलाही त्यांनी दिला. मार्च 2014 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या ‘बायसेप-2’ दुर्बिणीने इन्फ्लेशनमधून अपेक्षित असलेल्या आदिम गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी संयुक्त तपासणीत कळलं, की तो संकेत मुख्यतः आपल्याच दीर्घिकेतल्या धुळीचा होता. त्या लहरी अजून सापडलेल्या नाहीत. इन्फ्लेशनच्या पायाभरणीत हात असलेले स्टाइनहार्टच आज त्याचे कडक टीकाकार आहेत, हेही त्यांनी लपवलं नाही.

अध्यक्षबाई समारोपाला उठल्या होत्या. सरांनी हात जोडून आणखी अर्धा मिनिट मागितलं आणि ते त्या मुलीकडे पाहून बोलले: ‘प्लांकची निरीक्षणं युरोपीय अवकाश संस्थेने सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. आकडेमोडीचे प्रोग्रॅमही फुकट मिळतात. माझ्यावर विश्वास ठेवू नका, सुट्टीत बसून आकडा स्वतः काढा. वेगळा आला तर पुढच्या वर्षी या व्यासपीठावर तुम्ही बोला, मी पहिल्या रांगेत बसतो.’