त्सुशिमाची लढाई

जगाच्या इतिहासांत लढाया असंख्य झाल्या. त्यांतील बहुतेकींनीं कांहीं राजांचे मुकुट हालविले, कांहीं प्रांतांच्या सीमा सरकविल्या आणि त्या विस्मृतींत गेल्या. परंतु कांहीं थोड्या लढाया अशा आहेत कीं, त्यांच्या आधींचें जग आणि नंतरचें जग एकसारखें राहिलें नाहीं. १७५७ सालीं पलाशीच्या आमराईंत कांहीं तासांत जें घडून आलें, त्याचे परिणाम हिंदुस्थानाला पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ भोगावे लागले. आशियावरील युरोपच्या वर्चस्वाला जिनें पुढें मोठा तडा पाडला, ती लढाई २७ व २८ मे १९०५ या दोन दिवशीं, जपान आणि कोरिया यांच्यामधील समुद्रांत, त्सुशिमा बेटाजवळ झाली.

तिचें मूळ दहा वर्षें मागें आहे. १८९५ सालीं जपाननें चीनचा पराभव करून लिआओतुंग द्वीपकल्प मिळविला होता. तेव्हां रशिया, फ्रान्स व जर्मनी या तिघांनीं मित्रत्वाच्या सल्ल्याच्या नांवाखालीं दडपण आणून तो त्याला परत करावयास लावला. आणि तीनच वर्षांनीं रशियानें तेथलेंच पोर्ट आर्थर बंदर चीनकडून स्वतः भाडेपट्ट्यानें घेतलें. तोंडचा घांस हिरावणाऱ्यानेंच तो गिळावा, तसें हें झालें. पुढें रशियाचा हात मांचुरियांतून कोरियाकडे सरकूं लागला. आणि कोरिया आपल्या अमलाखालीं असावा, अशी जपानचीहि इच्छा होतीच. वाटाघाटी फिसकटल्या व ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्रीं, युद्धाची रीतसर घोषणा होण्यापूर्वींच, जपानी विनाशिकांनीं पोर्ट आर्थर येथील रशियन जहाजांवर हल्ला केला.

तेथलें रशियन आरमार कोंडलें गेलें, तेव्हां झार दुसरा निकोलस यानें बाल्टिक समुद्रांतील आरमार अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून पूर्वेकडे पाठविण्याचें ठरविलें. अ‍ॅडमिरल रोझेस्तवेन्स्की याच्या हुकमतीखालीं हा काफला १५ ऑक्टोबर १९०४ रोजीं लिबाउ बंदरांतून निघाला. प्रवास सुमारें १८,००० सागरी मैलांचा. आणि वाटेंत स्वतःचें म्हणावें असें एकहि बंदर नाहीं. आरंभच अशुभ झाला. उत्तर समुद्रांत, डॉगर बँक येथें, हल गांवच्या इंग्रज कोळ्यांच्या बोटी रात्रीच्या अंधारांत जपानी टॉर्पेडो-बोटींसारख्या भासल्या आणि रशियन तोफा सुरू झाल्या. दोन कोळी ठार झाले. गोंधळांत रशियनांचे गोळे त्यांच्याच अरोरा या क्रूझरलाहि लागले. इंग्लंडशींच युद्ध जुंपावयाचें, तें कसेंबसें टळलें.

कांहीं जहाजें आफ्रिकेला वळसा घालून, तर कांहीं सुएझमधून, अशीं तीं मादागास्करजवळ एकत्र आलीं. तेथें उकाड्यांत आणि आजारपणांत दोन महिन्यांहून अधिक काळ गेला. पोर्ट आर्थर २ जानेवारी १९०५ रोजीं पडलें होतें. ज्यांच्या मदतीला जावयाचें तेच उरले नव्हते. तरी परतण्याचा हुकूम आला नाहीं. तटस्थ राष्ट्रांच्या बंदरांत दगडी कोळसा मिळणें कठीण, म्हणून तो जर्मन जहाजांकडून उघड्या समुद्रांत घ्यावा लागे, आणि डेकवर, कोठड्यांत, जेथें जागा सांपडेल तेथें रचून ठेवावा लागे. जहाजांच्या तळांना शेवाळ व शिंपले चिकटून त्यांचा वेग मंदावला होता. तोफांचा सराव करावा, तर त्यापुरता दारूगोळा बरोबर नव्हता. अशा स्थितींत हिंदी महासागर ओलांडून तें आरमार एप्रिलमध्यें सिंगापूरवरून पुढें गेलें. इतकीं जहाजें इतक्या दूर अभंग नेणें हें अचाट कर्म होतें, आणि त्याचें श्रेय रोझेस्तवेन्स्कीला दिलेंच पाहिजे.

इकडे अ‍ॅडमिरल तोगो वाट पाहत होता. तरुणपणीं तो इंग्लंडांत राहून नौकानयन शिकला होता; त्याची मिकासा ही ध्वजनौकाहि इंग्लंडांतच बांधलेली होती. जपानजवळ पहिल्या प्रतीच्या युद्धनौका चारच उरल्या होत्या, कारण आदल्या वर्षीं दोन युद्धनौका एकाच दिवशीं पाणसुरुंगांना लागून बुडाल्या होत्या. रशियनांपाशीं लहानमोठ्या, नव्याजुन्या मिळून आठ होत्या. परंतु तोगोच्या दिमतीला चिलखती क्रूझरहि आठ होते, त्याचे गोलंदाज सरावांत मुरलेले होते आणि जहाजें दुरुस्त होऊन सज्ज होतीं. प्रश्न एवढाच होता कीं, व्लादिव्होस्टॉकला जाण्याच्या तीन सामुद्रधुनींपैकीं शत्रु कोणती निवडील? तोगोनें त्सुशिमाचीच अटकळ बांधली, आणि तो कोरियाच्या किनाऱ्याला दबा धरून बसला.

२७ मेच्या पहाटे, तीन वाजण्याच्या सुमारास, शिनानो मारू या टेहळणीच्या जहाजाला अंधारांत दिवे दिसले. ती ओरेल नांवाची रशियन रुग्णनौका होती. तिनें आपले दिवे विझविले नव्हते. तिच्याबरोबर सारें आरमार असल्याचें उजाडतां उजाडतां ध्यानांत आलें, आणि शिनानो मारूनें बिनतारी यंत्रानें ती वार्ता तोगोकडे धाडली. मार्कोनीचा शोध तेव्हां अवघा दहा वर्षांचा होता. ज्या लहरींवरून घरोघरीं गाणीं आणि भाषणें ऐकूं येतात, त्याच लहरींनीं त्या पहाटे एका साम्राज्याचें भवितव्य ठरविण्यास हातभार लावला.

दुपारीं दोनच्या सुमारास लढाईला तोंड लागलें. समुद्र खवळलेला होता, हवा धुरकट होती. मिकासावर निशाण चढलें. साम्राज्याचें भवितव्य या लढाईवर आहे, प्रत्येकानें पराकाष्ठा करावी, असा त्याचा अर्थ. नंतर तोगोनें मोठ्या धाडसाचा हुकूम दिला. शत्रूच्या तोफांच्या टप्प्यांत त्यानें आपलीं जहाजें एकामागून एक अशीं एकाच ठिकाणावरून वळविलीं. त्या ठिकाणीं येणारें प्रत्येक जहाज शत्रूला आयतें लक्ष्य होतें. रशियनांनीं मारा केलाहि. मिकासाला त्या दिवशीं तीसहून अधिक गोळे लागले. परंतु वळण पुरें झालें, आणि जपानी रांग रशियन रांगेच्या तोंडावर आडवी येऊं लागली. तिचा वेग बराच अधिक होता. त्यामुळें किती अंतरावरून व कोणत्या बाजूनें लढावयाचें, हें ठरविणें तोगोच्या हातीं गेलें.

जपानी गोळ्यांतील शिमोसे नांवाची स्फोटक दारू जेथें पडे तेथें आग लावी. ओस्ल्याब्या हें जहाज दीड तासाच्या आंत बुडालें. त्यावर अ‍ॅडमिरल फेल्करझाम याचें निशाण फडकत होतें. वस्तुतः तो लढाईपूर्वींच आजारानें मरण पावला होता, आणि आरमाराचा धीर सुटूं नये म्हणून ती गोष्ट गुप्त ठेवण्यांत आली होती. सुवोरोव्ह ही ध्वजनौका निकामी झाली. जखमी रोझेस्तवेन्स्कीला अर्धवट शुद्धींत एका विनाशिकेवर हालविण्यांत आलें. संध्याकाळीं अलेक्झांडर तिसरा हें जहाज बुडालें. पाठोपाठ बोरोदिनो स्फोट होऊन उलथलें. बोरोदिनोवरील आठशेंहून अधिक माणसांपैकीं एकच खलाशी वांचला.

रात्रभर जपानी टॉर्पेडो-बोटींनीं उरलेल्या जहाजांचा पाठलाग केला. दुसऱ्या दिवशीं अ‍ॅडमिरल नेबोगातोव्ह चार जहाजांनिशीं वेढला गेला. त्याच्या तोफांच्या टप्प्याबाहेरून जपानी तोफा मारा करीत होत्या. दोन हजारांहून अधिक माणसांना व्यर्थ मरूं देण्यापेक्षां त्यानें शरणागति पत्करली. पुढें रशियन लष्करी न्यायालयानें त्याला मृत्युदंड फर्माविला, आणि नंतर तो दहा वर्षांच्या कैदेवर आणण्यांत आला. पराभवाचा हिशेब बहुधा असाच होतो. आरमार मृत्यूच्या तोंडीं पाठविणारे सुटतात आणि माणसें वांचविणारा सांपडतो.

चार हजारांहून अधिक रशियन खलाशी मेले, सुमारें सहा हजार कैद झाले. एवढ्या आरमारांतून व्लादिव्होस्टॉकला पोंचले ते एक लहान क्रूझर आणि दोन विनाशिका. जपानचीं ११७ माणसें कामास आलीं व तीन टॉर्पेडो-बोटी बुडाल्या. कैद झालेल्या जखमी रोझेस्तवेन्स्कीला भेटावयास तोगो स्वतः सासेबोच्या रुग्णालयांत गेला, हेंहि येथें नमूद करण्याजोगें आहे.

५ सप्टेंबर १९०५ रोजीं अमेरिकेंत पोर्टस्मथ येथें तह झाला. परंतु लढाईचे परिणाम तहाच्या कागदांत मावणारे नव्हते. जानेवारींत पीटर्सबर्गच्या निःशस्त्र मिरवणुकीवर गोळ्या चालविल्यापासून रशिया धुमसत होता. त्सुशिमानंतर एका महिन्यांतच पोटेमकिन जहाजावर खलाश्यांनीं बंड केलें, आणि ऑक्टोबरांत झारला लोकसभेचें वचन द्यावें लागलें. १९१७ च्या क्रांतीची ही पूर्वतयारीच होती. पूर्वेकडील वाट बंद झालेला रशिया पुन्हां बाल्कनकडे वळला. १९१४ च्या महायुद्धाची ठिणगी तेथेंच पडली. दूर पल्ल्याच्या मोठ्या तोफांचें महत्त्व या लढाईनें ठळक झालें. १९०६ सालीं इंग्लंडनें ड्रेडनॉट पाण्यांत सोडली, आणि जर्मनीबरोबरची तिची आरमारी चढाओढ अधिकच तीव्र झाली.

याहून मोठा परिणाम मनांवर झाला. पंधरा वर्षांचे जवाहरलाल नेहरू शिक्षणासाठीं इंग्लंडांत उतरले, तेव्हां डोव्हरहून लंडनला जातांना आगगाडींत त्यांनीं ही बातमी वाचली. त्या वेळचा आनंद त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत सांगितला आहे. सुएझच्या कालव्यांतून जात असतां आपणांस जपानी समजून एका अरबानें मोठ्या उल्हासानें विचारपूस केली, अशी आठवण सुन्‌ यत्‌-सेन यांनीं पुढें सांगितली. १९०५ च्या ऑक्टोबरांत बंगालची फाळणी अमलांत आली व स्वदेशीची चळवळ उसळली. ती चळवळ जपाननें निर्माण केली नाहीं. तिचीं कारणें येथल्याच मातींत होतीं. पण गोऱ्या सत्ता अजिंक्य आहेत हा समज त्याच वर्षीं समुद्राच्या तळाशीं गेला होता, आणि समज बुडाला कीं भीतीहि बुडते.

परंतु या आनंदांत एका राष्ट्राला वांटा नव्हता. ज्या कोरियाच्या किनाऱ्याजवळ ही लढाई झाली, त्याला जपाननें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आपल्या संरक्षणाखालीं घेतलें आणि १९१० सालीं खालसा केलें. १९४५ पर्यंत तो देश जपानच्या टांचेखालीं राहिला. जो विजय कलकत्त्यापासून कैरोपर्यंत पारतंत्र्याच्या अंताची चाहूल म्हणून साजरा झाला, तोच सेऊलमध्यें पारतंत्र्याचा आरंभ ठरला. १९२४ सालीं कोबे येथें बोलतांना सुन्‌ यत्‌-सेन यांनीं जपानला विचारलें होतें कीं, तो पश्चिमेच्या बळजोरीचा शिकारी ससाणा होणार कीं पूर्वेचा आधारस्तंभ? त्याचें उत्तर मांचुरिया, नानकिंग आणि पर्ल हार्बर यांनीं दिलें. एकाच निर्णायक लढाईनें मोठें युद्ध जिंकतां येतें, हा त्सुशिमाचा धडा जपानी आरमारानें पक्का घोकला होता. १९४२ सालीं मिडवेला अशाच निर्णायक लढाईच्या शोधांत त्यानें चार विमानवाहू जहाजें गमावलीं.

मिकासा अजून आहे. तहानंतर एका आठवड्याच्या आंतच ती सासेबो बंदरांत आपल्याच दारूच्या कोठाराच्या स्फोटानें बुडाली. त्या स्फोटांत अडीचशेंहून अधिक माणसें गेलीं. त्सुशिमाच्या दोन दिवसांत सगळ्या जपानी आरमाराचीं गेलीं, त्यांच्या दुपटीहून अधिक. पुढें तिला वर काढून दुरुस्त करण्यांत आलें, आणि आज ती योकोसुका येथें स्मारक म्हणून किनाऱ्यावर उभी आहे. शत्रूच्या तीसहून अधिक गोळ्यांनीं जी बुडाली नाहीं, ती स्वतःच्या पोटांत सांठविलेल्या दारूनें बुडाली. जपानच्या पुढील चाळीस वर्षांचा इतिहास याहून निराळा नाहीं. आणि विजयी झालेल्या कोणत्याहि राष्ट्रानें तो वाचावा, असा आहे.