डोळस दया



उज्जयिनीच्या रामघाटावर सकाळच्या वेळी एक दृश्य हमखास दिसते. एखादी आजी नातवाचा हात धरून क्षिप्रेच्या पायऱ्या उतरते, कणकेच्या गोळ्या त्याच्या ओंजळीत देते आणि म्हणते, "टाक हो बाळ, माशांना टाक." पाण्यात मासे उसळतात, मूल टाळ्या पिटते. भूतदयेचा पहिला धडा आपल्यापैकी कित्येकांनी असाच गिरवला असेल.

गेल्या नागपंचमीस मीही माझ्या सात वर्षांच्या नातवाला तोच धडा देत होतो. कणीक संपली, तेव्हा निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी मी सवयीने तशीच पाण्यात सोडली. नातवाने विचारले, "आजोबा, हेही माशांनाच का?" मला उत्तर सुचले नाही.

आपण मुलांना दया शिकवतो; परंतु ज्याच्यावर दया करावयाची, तो जीव कसा जगतो हे शिकवीत नाही. माशांनी न खाल्लेली कणीक पाण्यात कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च करते. त्याच प्राणवायूवर मासे जगतात. चार गोळ्यांनी नदीचे काही बिघडत नाही. पण घाटावर एकटे आपणच येत नसतो.

नागपंचमीचेच पाहा. महाकाल मंदिराच्या वरच्या मजल्यावरील नागचंद्रेश्वराचे द्वार वर्षातून या एकाच तिथीस उघडते. तेथील नाग पाषाणाचा आहे; त्याला आपल्या भक्तीचा उपद्रव नाही. जिवंत नागाची गोष्ट निराळी. माझ्या बालपणी गारुडी दारी येई आणि आई नागापुढे दुधाची वाटी ठेवी. नाग दूध पीत असे, ते आवडीने नव्हे. कित्येक दिवस त्याला तहानलेला ठेवलेले असे म्हणून. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे आणि बाळगणे हा गुन्हा ठरला. आईच्या मनात दया होतीच. उणे होते ते ज्ञान.

मग मुलांना शिकवावे तरी काय? माझ्या मते, काही देण्याआधी पाहावयास शिकवावे. घाटाच्या पायरीवर पाव तास निमूट बसवावे. खंड्या पाण्यात सूर मारून मासा कसा उचलतो, बगळा किती वेळ निश्चल उभा राहतो, हे त्याचे त्याला दिसू द्यावे. खंड्या मातीच्या दरडीत बीळ कोरून अंडी घालतो, असे सांगावे. मग दगडी घाटावर त्याने घर कोठे करावे, हा प्रश्न मुलालाच पडेल. अशा प्रश्नांतून जी दया उपजते, ती खाऊ टाकून संपत नाही.

२०२८ साली येथे पुन्हा सिंहस्थ भरेल. लक्षावधी माणसे या पाण्यात उतरतील आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही येतील. ती मुले आपले बोलणे विसरतील, आपले हात मात्र पाहतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा घाटावर गेलो. पिशवी नातवाने स्वतःच्या खिशात ठेवली होती. निघताना तो म्हणाला, "आजोबा, आज नुसते बघू या." आणि आम्ही पायरीवर बसलो.