लढाईच्या पत्रांतलं घर



इंग्लंडात तिसरा जॉर्ज राज्य करत होता, त्या काळातली तिथली घरगुती पत्रं आजही आवडीनं वाचली जातात. युद्ध चालू आहे, कुटुंब शहराबाहेर मुक्कामाला आहे आणि पत्रांतून एकमेकांची खुशाली विचारली जाते आहे. त्याच काळातली आपली मोडी पत्रं मात्र आपण फौजा मोजण्यापुरती उघडतो. त्यांत नांदतं घरही आहे, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

आपल्या कर्जतला लागून जामखेड तालुका. तिथल्या चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची लेक अहिल्याबाई. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव गेले. पुढे १७६५ मध्ये सासरे मल्हारराव होळकर या विधवा सुनेला पत्र लिहितात. चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जा, तिथे चार-पाच दिवस मुक्काम करा, मोठ्या तोफखान्याच्या दारूगोळ्याची होईल तितकी बेगमी करा, वाटेवर चौक्या बसवा, असा त्याचा आशय. कौतुकाच्या दहा पत्रांत सापडणार नाही एवढी माया मला या हुकमांत दिसते. घरातला कर्ता मुलगा गेल्यावर म्हाताऱ्यानं भार टाकला तो सुनेवर, आणि निःशंक मनानं टाकला.

दुसरं घर पेशव्यांचं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. जानेवारी १७७४ मध्ये नाना फडणीस आणि हरिपंत फडके यांनी त्यांना पुरंदरावर नेलं. सोबतीला पार्वतीबाई होत्या, पानिपतात हरपलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. म्हणजे बाळंतपणाला जवळ कोण, तर जिचा स्वतःचा संसार लढाईनं नेला ती चुलत सासू. मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला नानांच्या बाजूचे सेनापती त्रिंबकराव पेठे जबर जखमी होऊन, नारायणरावांनंतर पेशवे झालेले त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्या हाती सापडले. गडावर दिवस भरत आले होते आणि खाली फौज मोडली होती. १८ एप्रिलला मुलगा झाला, सवाई माधवराव.

हरिपंतांचा शेवट आपल्याच तालुक्यात, भीमाकाठी सिद्धटेकला, जून १७९४ मध्ये झाला. पुढच्या मार्चात खर्ड्याला निजामाशी लढाई झाली. तेव्हा पुरंदरावरचं ते मूल, आता विशीतले पेशवे, जातीनं फौजेबरोबर आले होते.