जॉबकार्ड हाच गाडीचा सातबारा

(नवापूर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे ठरले आहे. त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणते लोक इथे बसले आहेत. मी एका गाडीची गोष्ट सांगणार आहे. गाडी आपल्या चार शेतकऱ्यांची. पण तिच्या गोष्टीत माझाही एक गुन्हा आहे, म्हणून ती मीच सांगितली पाहिजे.

या चौघांचा कापूस दरवर्षी दारात येणारा व्यापारी घ्यायचा. काटा त्याचा, भाव त्याचा, कडती त्याची. चौघांनी विचार केला, की आपली गाडी असली तर आपण जिनिंगवर जाऊ, दोन ठिकाणी भाव विचारू, पटला तर देऊ. ज्याच्याकडे वाहन नाही त्याला बाजार नाही, ही गोष्ट आपण वीस बैठकांत सांगितली. त्यांनी ती ऐकली आणि मालवाहू पिकअप घ्यायचे ठरवले. कर्ज एकाच्या नावावर, हप्ता चौघांचा, चालवणारा त्यांच्यातलाच एक.

त्यांच्या मनात होते ओळखीच्या मेस्त्रीकडून जुनी गाडी घ्यायची. मी आडवा आलो. म्हटले, "जुन्यात पडू नका. कंपनीची नवी गाडी घ्या. वॉरंटी असते, शोरूम असते, काही झाले तर ते बघतील." शेतकीची पदवी घेतलेला माणूस सांगतो म्हणून त्यांनी ऐकले. सीमेपलीकडच्या एका शहरातल्या विक्रेत्याकडून दसऱ्याला गाडी आली. हार घातला, नारळ फोडला, वस्तीत पेढे वाटले.

महिनाभरात गाडीचा दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. मग चढावर गाडीची ताकद गेली. भरल्या कापसासह ती घाटात बैलगाडीच्या चालीने चढली.

दिवा कशाचा?

हे आधी समजून घ्या, कारण हा त्रास पुष्कळांना होतो. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले. त्यामुळे नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी आली. तिला डीपीएफ म्हणतात. तुमच्या फवारणी पंपाला जाळी असते तशीच ही. पंपाची जाळी तुम्ही काढून धुता. ही जाळी गाडी स्वतःच साफ करते, म्हणजे साचलेली काजळी आत जाळून टाकते. पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. आपली गाडी कुठे चालते? शेत ते वस्ती, वस्ती ते बाजार, पाच-सात किलोमीटर, खड्ड्यातून, दुसऱ्या गिअरमध्ये. काजळी जळत नाही, जाळी तुंबते, दिवा लागतो. तरीही तशीच चालवली तर इंजिन आपली ताकद कमी करून घेते. कधी दोष जाळीचा नसतो, तिच्यावर नजर ठेवणाऱ्या सेन्सरचा असतो. जाळीचा की सेन्सरचा, हे यंत्र लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

गाडी विकताना यातले एक अक्षर कोणी सांगितले नाही. बियाण्याच्या पिशवीवर पेरणीची माहिती छापलेली असते. इथे आठ-नऊ लाखांच्या वस्तूबरोबर एक इंग्रजी पुस्तक दिले आणि चावी हातात ठेवली.

पाच खेपा, दोन कागद

पहिल्या खेपेला शोरूममधला माणूस म्हणाला, "काही नाही, चालवत राहा, दिवा जाईल." दिवा गेला. आठ दिवसांत पुन्हा आला. दुसऱ्या खेपेला गाडी दिवसभर ठेवून घेतली, यंत्र लावले, संध्याकाळी परत दिली. "झाले." काय झाले? "झाले ना, दादा." आमच्या चालवणाऱ्याने कागद मागितला. उत्तर मिळाले, "सगळे सिस्टीममध्ये आहे. वॉरंटीतले काम आहे, बिल कशाला?"

इथे माझा दुसरा गुन्हा. त्याने मला फोन केला. मी शोरूमच्या व्यवस्थापकाशी बोललो. माणूस फार गोड बोलला. मला 'साहेब' म्हणाला. मी फोन ठेवला आणि आपल्या माणसाला सांगितले, "माणूस चांगला आहे, कागदाचा हट्ट धरू नकोस." सावकाराने कोऱ्या कागदावर अंगठा घेतला तर आपण मोर्चा काढतो. इथे कोरा कागदसुद्धा नव्हता, आणि मी गप्प बसायला सांगितले.

पाच खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला दिवस मोडला. चौथ्या खेपेला गाडी दहा दिवस तिथेच राहिली. त्याच दहा दिवसांत अवकाळी आला. चौघांचा वेचलेला कापूस घरात मावला नव्हता, अंगणात ताडपत्रीखाली होता. खालून पाणी शिरले. भिजका कापूस शेवटी घेतला कोणी? त्याच दारातल्या व्यापाऱ्याने, त्याने सांगितलेल्या भावाने. ज्याच्या तावडीतून सुटण्यासाठी गाडी घेतली, त्याच्याच काट्यावर माल गेला. आणि हप्ता? तो ठरल्या तारखेला खात्यातून गेलाच.

पाचव्या खेपेला शोरूमचा सूर बदलला. "तुम्ही जादा माल भरता. ओव्हरलोडमुळे हे झाले. वॉरंटीत बसत नाही." कंपनीला फोन केला तर कंपनी म्हणते विक्रेत्याला विचारा. विक्रेता म्हणतो कंपनीची मंजुरी नाही. आणि ती जी 'सिस्टीम' होती, तिच्यात पाचपैकी दोनच खेपा निघाल्या.

कापसाचा काटा कामाला आला

यातून आम्ही वर आलो ते आमच्या हुशारीने नाही. चौघांपैकी एकाच्या घरच्या बाईने जिनिंगच्या सगळ्या काटापावत्या खुंटीच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. तुम्हाला माहीत आहे, सुटा कापूस फुगीर. गाडी डोंगरासारखी दिसते आणि वजन भरत नाही. प्रत्येक पावतीवरचे मालाचे वजन गाडीच्या मंजूर भारापेक्षा कमी निघाले. ओव्हरलोडची गोष्ट तिथेच संपली. जिनिंगचा काटा आपण नेहमी शंकेने बघतो. या वेळी त्याच काट्याने आपली साक्ष दिली.

आणि नोंद नसलेल्या तीन खेपा? टोलनाक्याचा फास्टॅगचा उतारा काढला. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, जाताना आणि येताना. विक्रेत्याच्या सिस्टीममध्ये नव्हते ते रस्त्याच्या सिस्टीममध्ये होते. पण ही नशिबाची गोष्ट झाली. पावत्या चुलीत गेल्या असत्या तर आज आपण हात चोळत बसलो असतो.

आपण ग्राहक आहोत का?

शोरूमच्या माणसाने जाताजाता एक धमकी दिली: "ही धंद्याची गाडी आहे, ग्राहक कायदा तुम्हाला लागत नाही." हे ऐकून पुष्कळजण परत फिरतात. फिरू नका. नफ्याच्या मोठ्या व्यापारासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात येत नाही, हे खरे. पण स्वतःच्या मेहनतीने पोट भरण्यासाठी घेतलेली येते. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे उदाहरणे देऊन सांगितले. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक आहे, तसाच स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणाराही. दहा गाड्या घेऊन पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी. शेतकऱ्याबद्दल म्हणाल तर २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याला ग्राहक मानले. बियाण्याचा नमुना तपासणीसाठी राखून ठेवला नाही म्हणून शेतकऱ्याला दोष देता येत नाही, हेही त्या निकालात आहे.

दुसरी अडचण सीमेची. आपले नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. माल तिकडे, वस्तू तिकडून, हे आपले रोजचे. १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्याने तक्रार साधारणपणे विक्रेता असेल तिथे किंवा व्यवहार झाला तिथे करावी लागे. म्हणजे तारखेला परराज्यात. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची सोय दिली. गाडी कुठूनही घेतलेली असो, तक्रार नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. ५० लाखांपर्यंत किंमत दिलेली वस्तू जिल्हा आयोगात बसते. पाच लाखांपर्यंत फी नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार केली पाहिजे. गोड बोलण्यात दोन वर्षे निघून जातात, हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट, बोट कोणाकडे दाखवायचे? गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ सालची नवी गाडी म्हणून पैसे मोजले. हातात आली २००९ सालची, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला: टाटा मोटर्स कंपनीला या प्रकाराची माहिती होती असे सिद्ध झाले नाही, म्हणून कंपनी सुटली, जबाबदारी विक्रेत्यावर राहिली. यातून शिकायचे ते हे, की विक्रेता आणि कंपनी ही दोन वेगळी घरे आहेत. नोटीस दोघांना द्या, तक्रारीत दोघांना ओढा, आणि कोणाची काय चूक ते वेगवेगळे मांडा.

दुरुस्तीतला एकाधिकार

आता कोणी म्हणेल, शोरूम नको, आपला मेस्त्री बरा. मीही तेच म्हणेन. पण त्याच्याकडे ते तपासणीचे यंत्र नाही, सुटे भाग नाहीत, माहिती नाही. १९७२ साली आपल्याकडे कापूस एकाधिकार खरेदी आली, तेव्हा विकायचा तो एकालाच विका असे सांगितले गेले. दुरुस्त करायचे ते एकाकडूनच करा, हा त्याचाच दुसरा अवतार. एकच दुकान असले की दुकानदाराचा सूर बदलतो, मग ते सरकारचे असो की शेटजींचे.

हे फक्त आपले रडगाणे नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड सांगितला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या, पण गुन्ह्याला नाव तर मिळाले. तिकडे अमेरिकेत शेकडो एकरांचे शेतकरीसुद्धा ट्रॅक्टर बंद पडला की विक्रेत्याच्या माणसाची वाट बघत बसतात. त्यांनी आवाज उठवला. २०२३ साली कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारे आहेत. यादीत नाव आले म्हणजे रेशन मिळाले असे नसते, हे तुम्हाला सांगायला नको.

आता करायचे काय?

चौघांनी दोघांनाही रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. सोबत काटापावत्या आणि टोलचे उतारे. कंपनीचा इंजिनिअर आला, दोष सेन्सरचा निघाला. सेन्सर आणि जाळी फुकट बदलून मिळाली, आणि तसे लिहूनही मिळाले. भिजलेल्या कापसाची आणि मोडलेल्या दिवसांची भरपाई मात्र नाकारली. त्याची तक्रार नंदुरबारला दाखल आहे. निकाल लागेल तेव्हा कळवीन.

तोवर प्रत्येक वाहनधारकाने, मग ट्रॅक्टर असो की मोटारसायकल, एवढे करायचे:

१. गाडी ताब्यात घेताना चेसिस नंबर, बनल्याचा महिना-वर्ष आणि किलोमीटरचा आकडा स्वतः वाचून पावतीवर लिहून घ्या.

२. तक्रार तुमच्या शब्दांत जॉबकार्डावर लिहून घ्या. 'जनरल चेकिंग' लिहू देऊ नका. 'चढावर ताकद जाते, पिवळा दिवा लागतो' असे लिहा. तारीख, किलोमीटर आणि सही. प्रत घेतल्याशिवाय चावी देऊ नका.

३. काम फुकट झाले तरी शून्य रुपयांचे बिल मागा. काय बदलले ते त्यावर आले पाहिजे.

४. ठरलेली सर्व्हिस चुकवू नका, आणि कोणाच्या सांगण्याने जाळी कापून काढू नका. तसे केले तर नियम मोडतो, वॉरंटी जाते आणि खरी तक्रारही खोटी पडते.

५. डिझेलची, काट्याची, टोलची पावती एका पिशवीत. पिशवी घरच्या बाईच्या ताब्यात. माझ्यासारख्याच्या ताब्यात नको.

६. दोनदा तोच बिघाड झाला तर फोन बंद, पत्र सुरू. विक्रेता आणि कंपनी दोघांना. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवा.

सातबाऱ्यावर नाव नसेल तर बापजाद्यांची जमीनसुद्धा आपली ठरत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले. इथल्या वनजमिनीवाल्यांना तर ते जास्तच ठाऊक. जॉबकार्ड हा गाडीचा सातबारा आहे. त्यावर नोंद नाही तर बिघाड झालाच नाही, असे म्हणायला ते मोकळे.

मी त्या चौघांच्या घरी जाऊन चूक कबूल केली. त्यातला म्हातारा हसला. म्हणाला, "साहेब, व्यापारी निदान चिठ्ठी तरी देत होता." ते वाक्य मी खिशात घेऊन फिरतो. विश्वास ठेवू नका असे मी म्हणत नाही. विश्वास ठेवा, पण चिठ्ठी घ्या. जो चिठ्ठी द्यायला कचरतो त्याचा स्वतःच्याच कामावर विश्वास नसतो.

इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो!