स्वभावाचे साचे

मानसशास्त्रज्ञ युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख व बहिर्मुख असे मनुष्यस्वभावाचे दोन प्रकार मांडले. हा गज आपण टिळक-आगरकरांना लावून पाहू. लोकसमुदाय हालविणारे टिळक बहिर्मुख आणि एकाकी बुद्धिवादी आगरकर अंतर्मुख, असे कोणीही चटकन् म्हणेल. परंतु मंडालेच्या तुरुंगातील एकांतात ‘गीतारहस्य’ लिहिणारे टिळक कोणत्या खणात बसवावे? आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढून लोकमताशी उघड झुंज घेणारे आगरकर? एकाच वर्गाचा असा निर्भेळ मनुष्य नसतो, हे खुद्द युंग यांनीही बजावले आहे.

आम्ही शिक्षक असताना एका अबोल विद्यार्थ्यावर ‘घुमा’ असा शिक्का मारला होता व त्याला वक्तृत्वस्पर्धेत कधी उभे केले नाही. पुढे मोडनिंबच्या बाजारात, चार अडाणी शेतकऱ्यांच्या वतीने अडत्याकडे निर्भयपणे हिशेब मागताना तोच आम्हांस दिसला. आम्हांस पाहताच त्याने वाकून नमस्कार केला. मान मात्र आमची खाली गेली.

तेव्हा पालकहो, वर्गीकरण हे समजून घेण्याचे साधन आहे, निवाडा नव्हे. आपल्या मुलांवर शिक्का मारण्याची घाई करू नका, एवढीच आमची विनंती.